एकटीचा डाव

यंदा मिरगाच्या दुसऱ्याच दिवशी लाईट गेली ती सतरा तासांनी आली. मोबाईल बंद पडला, इन्व्हर्टरने रात्री दहाला मान टाकली, आणि सकाळी पडवीत बसून पागोळ्या बघण्याखेरीज काम उरलं नाही. कोकमाचा सीझन संपलेला. आगळाच्या बाटल्यांना लेबलं लावून झाली होती, आमसुलं डब्यांत गेली होती. नवरा बोटीवर असतो, तो यंदा दिवाळीशिवाय यायचा नाही. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या या घरात पावसाळाभर मी आणि सासूबाई दोघीच, आणि त्या दुपारी जेवून आडव्या झाल्या की चार वाजेपर्यंत हलत नाहीत.

तेव्हा मला कपाटावरचा खोका आठवला.

मे महिन्यात मुलगा तो घेऊन आला होता. चुलतभावंडं जमली की पत्ते, कॅरम, गाण्याच्या भेंड्या हे ठरलेलं. यंदा हा नवा खेळ. 'कॅस्केडिया' नाव. रँडी फ्लिन नावाच्या माणसाने बनवलेला, 2022 साली जर्मनीत वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून निवडलेला, वगैरे माहिती त्याने फणस कापता कापता मला ऐकवली होती. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं जंगल आपण टेबलावर मांडायचं आणि त्यात प्राणी बसवायचे. मी एकदा चौथा भिडू म्हणून बसले होते, पण अर्धं लक्ष गॅसवरच्या सांदणांकडे. जाताना तो म्हणाला, "हॉस्टेलवर जागा नाही, राहू दे इथेच. आणि अगं आई, हा एकट्याने पण खेळता येतो." मी हसले होते. एकट्याने काय खेळायचं? एकट्याने धुणं धुवावं.

तर त्या दिवशी मी खोका खाली काढला. जेवणाच्या टेबलावर मेणकापड आहे, त्यावरून पुठ्ठ्याचे तुकडे घसरायला लागले, म्हणून एक जुना पंचा अंथरला. हे शहाणपण मला पहिल्याच दिवशी सुचलं. बाकीचं सुचायला दोन आठवडे लागले.

मांडणी सोपी आहे. जाड पुठ्ठ्याच्या षटकोनी टाईल्स. कुठल्या डोंगराच्या, कुठल्या जंगलाच्या, कुरणाच्या, पाणथळीच्या, नदीच्या. बऱ्याचशा अर्ध्या एकाच्या, अर्ध्या दुसऱ्याच्या. प्रत्येक टाईलवर तिथे कुठले प्राणी चालतील त्यांची चिन्हं. कापडी पिशवीत लाकडाच्या गोल सोंगट्या, पाच प्राण्यांच्या वीस-वीस: अस्वल, कोल्हा, ससाणा, सामन मासा आणि एल्क. एल्क म्हणजे साधारण आपलं सांबर समजा. टाईल्सची थप्पी एका बाजूला, तिच्या शेजारी चार टाईल्स ओळीने उघड्या, आणि प्रत्येकीखाली पिशवीतून न बघता काढलेली एक सोंगटी. आपण चारांतली एक जोडी उचलायची. टाईल आपल्या मुलखाला चिकटवायची, सोंगटी चालेल त्या रिकाम्या टाईलवर बसवायची. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. अशा वीस खेळ्या, आणि डाव संपला.

मेख आहे ती जोडीत. हवी ती टाईल नको त्या प्राण्याबरोबर येते. बाजारात चांगल्या पापलेटाबरोबर कोळीण दोन बारके बांगडे गळ्यात मारते, तसं.

शिवाय प्रत्येक प्राण्याचे नखरे वेगळे. ते दर डावाला कार्डावरून ठरतात, पण सोप्या कार्डांवर अस्वलं जोडीजोडीने हवीत: एका जोडीला 4 गुण, दोन जोड्यांना 11, तीन झाल्या तर 19, चारांना 27. सांबरं एका सरळ रेषेत उभी हवीत. सामन एकामागे एक, नदीत ओळ धरल्यासारखे. ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा खपत नाही. आणि कोल्ह्याला शेजारपाजार जितक्या जातींचा तितके गुण. त्याशिवाय तुमचा सगळ्यात मोठा सलग डोंगर, सगळ्यात मोठं सलग जंगल, असे पाचही मुलुखांचे गुण. नदीला नदी जुळलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, बेजोड लावली तर दंड नाही. फक्त मनाला टोचतं.

पहिल्या डावात मला 104 मिळाले. दुसऱ्यात 109. पंधरवड्यात मी 111 वर पोचले होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळले होते. छान दिसायचं सगळं. हिरवं जंगल, निळी नदी, गोल गोल प्राणी. पण रांगोळीच्या ठिपक्यांत रंग भरल्यासारखं व्हायचं: भरून झालं, बघितलं, पुसलं. चारांतली हवी ती जोडी उचलायची, नको त्या तशाच पडून राहायच्या. अस्वल तिथेच आहे ना? मग घेऊ पुढच्या खेळीला. कोण नेतंय?

लाईट-नेट दोन्ही असलेल्या एका रात्री मुलाला फोटो पाठवला, खाली ऐटीत लिहिलं, 111. पाच मिनिटांत फोन.

"आई, पहिल्यांदाच खेळून शंभरच्या वर? तू शेवटची जोडी टाकतेस ना?"

"कुठली शेवटची?"

पलीकडे तो आणि त्याचा रूममेट दोघेही हसले.

पुस्तिकेत एकट्याने खेळायचे नियम वेगळ्या भागात दिलेत आणि मी तिथवर पोचलेच नव्हते. आमच्या घरात कुकर, मिक्सर, सगळ्यांच्याच पुस्तिका पहिल्या दोन पानांपर्यंत वाचल्या जातात. नियम असा की आपली खेळी झाली की थप्पीपासून सगळ्यात लांब असलेली जोडी, टाईल आणि सोंगटी दोन्ही, डावातून बाद. उरलेल्या पुढे सरकवायच्या, थप्पीजवळ नव्या दोन मांडायच्या. त्यासाठीच सगळ्या 85 टाईल्स न घेता मोजून 43 घ्यायच्या. मी सगळीच थप्पी मांडून बसत होते.

म्हणजे कुठलीही टाईल समोर राहते ती दोन, फार तर तीन खेळ्या. मग गेली.

दुसऱ्या दिवशी नियमाने खेळले. 79.

आमच्या परसामागे एक पऱ्या आहे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पावसात तो गढूळ होऊन धावायला लागला की वरच्या वाडीतलं काय काय त्यातून येतं: चपला, नारळाच्या झावळ्या, एकदा तर अख्खा प्लास्टिकचा टब आला होता. काठावर उभं राहून काठीने ओढलं तर आपलं, नाही तर गेलं खाडीला. नियमाने खेळायला लागल्यावर ती चार टाईल्सची ओळ मला त्या पऱ्यासारखी दिसायला लागली. टोकाशी अस्वल आलंय, मला हवंय, पण इकडे नदीचा तुकडाही हवाय. एक हात, एक काठी. या एका नियमाने खेळ खेळ झाला. बाकीचं सगळं चित्रकला आहे, असं माझं स्पष्ट मत. मुलाला सांगितलं तर म्हणाला, आई तू फारच स्पर्धात्मक आहेस, हा शांत करणारा खेळ आहे. असेल. मला शांत करायला चुलीपुढचं मांजर पुरतं.

सासूबाईंनी खेळाची दखल घेतली ती जुलैत. चहा घेऊन समोर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"एकटीच खेळतंस? हरतलंस कोणाक?"

मी म्हटलं, स्वतःला. त्यांना ते पटलं. कारण त्या स्वतः पेशन्स लावतात. लग्नानंतरची पहिली वर्षं गिरगावातल्या चाळीत काढली, तिथे शेजारणीकडून शिकल्या. आजही नातवंडं नसली की पत्त्यांचा कॅट काढून पलंगावर सात ढीग मांडतात. मात्र अडलं की खालचं पान हळूच उचलून बघतात, हवं ते असेल तर घेतात आणि म्हणतात, "देवान दिला."

एक सोंगटी उचलून त्यांनी बोटांत फिरवली. "गंजिफासारखी गोल असा." त्यांचं माहेर सावंतवाडीचं. गंजिफा म्हणजे हातांनी रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात 120 असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. ही कला संपत आली होती, ती राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली. सासूबाईंनी गंजिफा खेळला कधीच नाही. लहानपणी लांबून बघितला, हात लावला म्हणून ओरडा खाल्ला, एवढंच. त्यामुळे असेल, सोंगटी त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही.

मग चौकशी सुरू झाली. हा मासा कुठला? मी सांगितलं, सामन. हॉटेलवाले आपल्या रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, त्यापलीकडे दोघांचं नातं नाही. पण जून-जुलै म्हणजे मासेमारीची बंदी, दीड महिना घरात सुक्या बांगड्याशिवाय काही शिजलेलं नाही. त्यांनी ती सोंगटी नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "चला, रावस तरी इलो घरात." त्या दिवसापासून तो रावसच.

"आणि गवो खंय असा?"

"गवा नाही यात."

"हत्ती?"

"तोही नाही."

"माकडा?"

मी मान हलवली.

"गवो नाय, हत्ती नाय, माकडा नाय. मगे कसला ता रान?"

दोडामार्गात हत्ती बागायतीत शिरतात, आमच्या भावकीतल्या एकाची अख्खी नाचणी गेल्या साली गव्यांनी लोळवली. त्यांच्या दृष्टीने रान म्हणजे जे तुमच्या कुंपणाशी येऊन उभं राहतं ते. अस्वलांच्या जोड्या जुळवत बसणं त्यांना वधूवर सूचक मंडळासारखं वाटलं असावं.

खेळात अडीअडचणीला एक सोय आहे. काही टाईल्स संपूर्ण एकाच मुलुखाच्या असतात, त्यावर एकाच प्राण्याचं चिन्ह. तो प्राणी तिथे बसवला की एक बोंड मिळतं, पाइनच्या झाडाचं. बोंड खर्च केलं की जोडी फोडता येते: टाईल एकीकडची, सोंगटी दुसरीकडची. शिल्लक राहिलं तर शेवटी एक गुण. सासूबाई म्हणाल्या हा बारका फणस आहे. दिसतोही तसाच. आमच्याकडे आता "एक फणस मोडला" असंच म्हणतात.

आषाढातल्या एका संध्याकाळचा डाव माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. सतरावी खेळी. अस्वलांच्या दोन जोड्या झालेल्या, म्हणजे 11 गुण हातात. पाचवं अस्वल कडेला एकटं, त्याच्या शेजारची एक टाईल मी चार खेळ्या मुद्दाम रिकामी ठेवलेली. डोंगर सहापर्यंत आलेला. सात झाला तर एकट्याच्या डावात दोन गुण वरून मिळतात. ओळीत टोकाला अस्वल, पण कुरणाच्या टाईलखाली. त्याच्या अलीकडे डोंगर, पण खाली रावस. फणस एकच उरलेला. मी तो मोडला, डोंगर घेतला, अस्वल घेतलं. डोंगर लावला: सात. अस्वल ठेवलं: तिसरी जोडी, 19! बाहेर धो धो पाऊस, आत मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतेय.

आणि मग दिसलं. ज्या टाईलवर अस्वल ठेवलं तिची एक कड दुसऱ्या जोडीला टेकत होती. जोडी म्हणजे जोडीच; तिसरं अस्वल शेजारी आलं की ती जोडी राहत नाही. माझ्याकडे आता तीन जोड्या नव्हत्या. एक जोडी होती आणि चार अस्वलांचा एक घोळका. 11 वरून 19 नव्हे, 11 वरून 4.

चौघांत खेळताना कोणीतरी "अगं थांब" म्हणतं. निदान चेहरा तरी करतं. इथे समोर मांजर.

"घे परत," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. त्यांचं कधी लक्ष होतं कोण जाणे. "कोण बघता?"

मी घेतलं. ते अस्वल पिशवीत टाकलं. न बसवता परत पिशवीत टाकायला नियमाची मुभा आहे, पण ती ठेवण्याआधी, ठेवून चूक कळल्यावर नव्हे. डाव 94 वर संपला. तोवरचा नियमातला सगळ्यात मोठा आकडा. स्कोअर मी गॅस सिलिंडरच्या तारखा लिहायच्या वहीत मागून लिहिते. 94 लिहिलं, मग त्याच्यापुढे फुली मारली. दोन दिवस खोका उघडला नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरून इतकं वाईट वाटावं हे हास्यास्पद आहे, मला कळत होतं. सासूबाईंना मात्र फुलीचा अर्थ शेवटपर्यंत कळला नाही.

त्या दोन दिवसांत वेगळंच झालं. खोका उघडला तेव्हा वरच्या टाईल्सवर बारीक पांढरी बुरशी. कोकणात जुलैत चपलांना, पट्ट्यांना, देवघरातल्या पोथ्यांनाही ती धरते. मी विसरले कशी? कोरड्या फडक्याने पुसल्या, आणि अतिशहाणपणा म्हणून चुलीजवळच्या फळीवर ऊब लागेल अशा मांडल्या. तासाभराने बघते तर तीन टाईल्स पापडासारख्या वर वळलेल्या. त्या दोन लाद्यांमध्ये घालून वर पाटा ठेवला. एक सरळ झाली, दुसरी बरीचशी. तिसरी अजून होडीसारखी डुलते, आणि थप्पीत असली की लांबूनच ओळखू येते, म्हणजे पुढे काय येणार ते मला आधीच कळतं. ती मी बाजूलाच ठेवते. 43 च घ्यायच्या असल्याने एक कमी असली तरी अडत नाही. आता सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाला औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि खेळण्याआधी हात कोरडे. चहाचा कप दुसऱ्या स्टुलावर. मेणबत्तीत खेळू नये हेही शिकले: पिवळ्या उजेडात जंगल आणि पाणथळ दोन्ही हिरवं दिसतं आणि सकाळी आपली चूक बघून लाज वाटते.

बाद टाईल्स मी टेबलाच्या पलीकडच्या कडेला टाकत असे. नारळी पौर्णिमेच्या आसपास लक्षात आलं, त्यांचा ढीग होत नाहीये. सासूबाई त्या उचलून मांडत होत्या. मी एक टाकली की त्या एक लावायच्या, सोंगटी वर ठेवायच्या. नियम कुठलाच नाही. नदी मात्र नदीलाच जोडायच्या, त्यात हयगय नाही. नदी मध्येच थांबली तर पाणी जाईल कुठे, असा त्यांचा रोकडा सवाल. वीस माझ्या, वीस त्यांच्या. डाव संपला की पंचाच्या दोन्ही बाजूंना दोन मुलूख.

मग त्या मागायला लागल्या.

"ती नदीची घेव नको. माका होई."

"आई, मला हवीय ती. सात होतायत माझ्या."

"तुझ्या सात होतले, आणि माझी नदी खंय जातली?"

आता पंचाईत अशी की बाद होणारी जोडी बाद होत नाही, समोर जाते. चांगली टाईल टोकाला सरकली की मी तिच्याकडे बघते, आणि पलीकडून त्याही बघत असतात. गणपतीला मुलगा येईल तेव्हा याला कुठल्या नियमात बसवतो ते बघायचं. माझे आकडे पुन्हा ऐंशीच्या घरात आलेत.

काल 86 झाले. मी वहीत लिहीत होते तर त्यांनी विचारलं, "माझे किती?"

मी चष्मा लावून त्यांच्या बाजूला वाकले. नदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, अकरा टाईल्सची. माझी कधी एवढी झालेली नाही. रावस मात्र डोंगरावर, दोन ससाणे गळ्यात गळे घालून, आणि नदीच्या ऐन मध्यावर एक अस्वल.

"आई, तुमचं अस्वल पाण्यात बसलंय."

त्यांनी बघितलं. बोटाने सोंगटी जरा सारखी केली.

"बसांदे. उकडता त्याका."